वरचे चार दात

तेबोराच्या हातची काकवी आणि तिची जीभ ही दोन्ही एकाच बाईची आहेत, हे परक्याला सांगून पटलं नसतं. काकवी अशी, की पाहुणा एकदा चाखून गेला की पुढच्या खेपेला न बोलावता यायचा. आणि जीभ अशी, की तोच पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी सात पिढ्यांचा उद्धार ऐकून निघायचा. आमच्या बेटावर माडाला तोटा नाही आणि माडी काढणाऱ्यांनाही तोटा नाही, पण नीरा आटवून तिची काकवी करावी तर तेबोरानंच. साखर आगबोटीनं येते, म्हणजे आली तर येते. तेबोराच्या घरची काकवी कुठल्या आगबोटीची वाट बघत नसे.

तिचा नवरा बेइया सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचा. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, तासायची, भरलेली बाटली सोडवायची, रिकामी बांधायची, आणि हे सगळं करताना गळा काढून गाणी म्हणायची, अशी आमच्याकडच्या माडी काढणाऱ्यांची रीतच आहे. बेइयाचा गळा बरा होता. पण तो खाली उतरला की तेबोरा म्हणायची, "गाणं वरच ठेवून येत जा. खाली मला दुसरे उद्योग आहेत." बेइया हसायचा. या बाईशी इतकी वर्षं संसार केलेला माणूस एक तर हसायला शिकतो, नाही तर माडावरच घर बांधतो.

साठी उलटली तरी तिचे दात शाबूत होते. नारळाची सोडणं ती दातांनी ओढून काढायची आणि वर बायकांना ऐकवायची, "लहानपणापासून काकवी खाल्लीय मी. माझ्या पोरांनीही खाल्लीय. कुणाचं काही बिघडलं?" बिघडलं नव्हतं हे खरं. तिच्या पोरांनी अंगावरचं दूध पोटभर प्यायलं होतं आणि काकवी बोटावर घेऊन चाटली होती. झोपताना दातांत बाटली धरून नव्हे. पण हा फरक तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

कातेया तिचं शेंडेफळ. आईची जीभ तिच्याकडे आली नव्हती, बापाचा गळा आला होता. लग्न झालं ते तावीता नावाच्या खलाशाशी. तो वर्षातले बहुतेक महिने परक्या मुलखाच्या जहाजावर असायचा, म्हणून बाळंतपणाला कातेया आईकडे आली आणि इथंच राहिली. मुलगा झाला, त्याचं नाव बाउरो. दुपारी मच्छरदाणीत आडवी होऊन ती त्याला पाजायची आणि पाजताना नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायची. त्या गुणगुणण्याला शब्द नव्हते, चालही धड नव्हती. तेबोरा म्हणायची, "माशी शिरलीय का नाकात?" आणि कातेया म्हणायची, "आई, तू झोप."

बाउरोला खालचे दोन दात आले त्याच सुमाराला कातेयाच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यातल्या परिचारिकेनं मोठ्या बेटाला निरोप धाडला. विमान येणार, येणार म्हणेपर्यंत कातेया गेली. घराच्या बाजूला, पानांच्या छपराची सावली पडते तिथं तिला पुरलं आणि भोवतीनं पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे मांडले.

तावीता दूर जहाजावर होता. मयताला बाकी सगळे लोक जमले होते, आणि त्या सगळ्या रडारडीत बाउरोचं रडणं तेवढं वेगळं ऐकू येत होतं. त्याला भूक लागली होती. भात आणि मासा तो थोडा थोडा खायला लागला होता, पण भूक असली की त्याला छाती लागायची, आणि ती छाती तर आता मातीखाली गेली होती. तेव्हा ओरेता पुढं आली. ओरेता म्हणजे तेबोराच्या भावाची मुलगी, कातेयाच्या बरोबरीची. तिचीही पोर अंगावर पीत होती.

"आत्या, दे त्याला इकडे," ती म्हणाली. "माझ्याकडे दोघांना पुरेल."

"आधी स्वतःच्या पोरीला धड पोस," तेबोरा म्हणाली. "माझ्या कातेयाचं लेकरू दुसरीच्या छातीला लागायचं नाही."

"अगं, दूध ते दूध," बेइया मधे पडला.

"तू माडावर जा."

तेबोरा नंतर लोकांना सांगायची, की मेलेल्या माणसाला रुसायला काय लागतं, कातेयाला राग आला असता. पण खरं कारण ते नव्हतं. जिथं काल-परवापर्यंत आपल्या मुलीचं अंग होतं, तिथं दुसरीचं अंग तिला बघवणार नव्हतं. ओरेताची पोर जिवंत आईच्या मांडीवर लोळत होती याचाही तिला राग आला होता. दुःखात माणूस काही देवमाणूस होत नाही.

लोक बाहेर बसलेले असताना ती चुलीपाशी गेली. सोयासॉसची एक रिकामी बाटली उकळून घेतली, दुकानातून रबरी निपल आणून वर चढवलं. कोमट पाण्यात काकवी विरघळवली, बाउरोला मांडीवर आडवं घेतलं आणि निपल त्याच्या ओठांना लावत म्हणाली, "घे, मम्मा. मम्मा घे."

आमच्या बोलीत मम्मा म्हणजे आई नव्हे. मम्मा म्हणजे छाती, आणि लेकरांच्या तोंडी छातीतलं दूधही. बाउरोनं एकदा तोंड फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं, तिसऱ्यांदा जिभेला गोड लागलं आणि तो घटाघटा प्यायला लागला. तेबोराला सुटल्यासारखं झालं. पोर जगणार होतं. कुणापुढं दाताच्या कण्या न करता जगणार होतं.

---

भर दुपारी आमच्याकडे कुणी बाहेर हिंडत नाही. उन्हामुळे, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. पण ज्यांना आपल्या घराची ओढ असते अशी गेलेली माणसं याच वेळी परत येतात, हे इथं ज्याला त्याला माहीत आहे. रात्री भुतं हिंडतात ती परकी, दुपारी येतात ती आपली.

दुपारी तेबोरा बाउरोला मच्छरदाणीत निजवायची. उशाला कातेयाच्या कपड्यांचं गाठोडं असायचं. बाटली त्याच्या तोंडात दिली की ती स्वतः शेजारी पाठ करून पडायची. रात्रीही तसंच. पोर चुळबुळलं की बाटली, किरकिरलं की बाटली. झोपेत निपल तोंडातच राहायचं आणि थेंब थेंब गोड पाणी आत झिरपत राहायचं.

एका दुपारी तिचा डोळा लागत असताना मागून आवाज आला. चुपचुप आवाज होता. तो बाटलीचा, हे तिला कळत होतं. पण त्याच्या जोडीला आणखी एक आवाज होता. नाकातल्या नाकात कुणीतरी गुणगुणत होतं. चाल नव्हती, शब्द नव्हते.

तेबोरा होती तशीच पडून राहिली. पाठीमागून तेलाचा वास आला, फुलं घालून मुरवलेल्या खोबरेलाचा. कातेया केसांना लावायची तेच ते तेल. मागं वळून बघावं असं तिला फार वाटलं, पण ती वळली नाही. गेलेल्या माणसाकडे बघितलं की ते माणूस जातं, पुन्हा येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ती उठली तेव्हा बाउरो गाढ झोपला होता. त्याचं तोंड पलीकडच्या, रिकाम्या बाजूला होतं, आणि ओठ ओले होते.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पलीकडं जागा सोडायला सुरुवात केली. आधी वीतभर, मग एक माणूस आडवं होईल इतकी. कधी गुणगुणणं ऐकू यायचं, कधी नाही यायचं. एकदा बाउरो झोपेतून उठला, त्या रिकाम्या जागेकडे हात करून हसला आणि म्हणाला, "मम्मा." तो त्याचा पहिला शब्द. पोराला आईची छाती दिसली होती! तिला भीती वाटली, आणि भीतीच्या खालून असा आनंद आला की तिला त्याची लाजच वाटली. बाटली गडगडत त्याच बाजूला गेली होती, तिकडं तिचं लक्ष गेलं नाही. जाणारही नव्हतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

पुढं बाउरोचे वरचे दात आले. तांदळाच्या कण्यांसारखे छान पांढरे होते. काही दिवसांनी हिरडीच्या कडेला खडूनं ओढावी तशी रेघ दिसायला लागली. मग ती रेघ पिवळी झाली, मग तपकिरी. मग दातांचे कोपरे झडले आणि वरचे चारही दात काळे पडले. खालचे मात्र जसेच्या तसे पांढरे.

पोर हसलं की बायका नजर फिरवायला लागल्या. गाव केवढं, आणि विहीर एकच. तिथं एका म्हातारीनं निकाल देऊन टाकला.

"मेलेल्या आईचं दूध पितंय ते," ती म्हणाली. "ती वरून ओणवी होते ना, म्हणून वरचेच काळे पडलेत. खालच्यांना लागत नाही."

मागं तेबोरा बादली घेऊन उभी होती.

"तुझ्या तोंडात तर एकही राहिला नाही," ती म्हणाली. "तुला कोण येतं गं पाजायला? आजा की पणजा?"

बायकांनी दात काढले, म्हातारीची दातखीळ बसली, आणि तेबोरा बादली भरून ताठ मानेनं घरी आली. पण घरी आल्यावर तिनं बाउरोला मांडीवर घेतलं, अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

त्या दिवसापासून तो तिचा नेमच झाला. सकाळी पोर उठलं की ओठ उचलून बघायचं. काळं कालच्यापेक्षा वाढलं असेल तर ती मनात म्हणायची, आली होती. आपल्या नातवाचं तोंड किडताना बघून या बाईला बरं वाटत होतं. ती वाईट नव्हती. तिची मुलगी मेली होती आणि मुलगी अजून येते याची तिच्याकडे दुसरी कसलीच खूण नव्हती.

---

विहिरीवरचं बोलणं बेइयाच्या कानावर गेलं. एका सकाळी तो माडावरून उतरला आणि भांडं तिच्या हातात न देता खाली ठेवून बसला.

"ती येते?" त्यानं विचारलं.

तेबोरा भांडं उचलायला वाकली.

"अगं, मी काय विचारतोय? आपली कातेया येते?"

"येते," तेबोरा म्हणाली. "दुपारची येते."

बेइयानं तोंडावरून हात फिरवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तो जे बोलला ते तेबोराला अपेक्षित नव्हतं.

"तिला जायला सांग."

"कुणाला?"

"पोराचं तोंड बघ तेबोरा. आज दात काळे पडलेत, उद्या काय काळं पडेल? ती त्याला न्यायला येतेय. तिला एकटीला करमत नसेल तिकडं."

"आई लेकराला पाजते, याला तू न्यायला येणं म्हणतोस? बाप आहेस की कोण आहेस?"

भांडण तिथंच राहिलं असतं, पण आमच्याकडे कुठलीच गोष्ट एका घराची राहत नाही. रविवारी प्रार्थनेनंतर गावच्या सभाघरात म्हातारी मंडळी बसली आणि बेइयाला बोलावणं आलं. त्यांनी ठरवलं ते असं: प्रार्थना चालवणाऱ्या गुरुजींनी थडग्यापाशी येऊन प्रार्थना म्हणायची, पाणी शिंपडायचं आणि कातेयाला तिच्या वाटेला लावायचं. तेबोराला ते मान्य नसेल तर पोराला त्याच्या बापाच्या बेटावर, दुसऱ्या आजीकडे पाठवायचं. मेलेली माणसं समुद्र ओलांडून जात नाहीत.

बेइयानं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याला वाटलं होतं की आता हंडी डोक्यावर येईल. पण तेबोरा ओरडली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कुणावर? तिनं एवढंच म्हटलं, "आगबोट येईपर्यंत थांबा. मग बघू."

मुलीला हाकलायचं की नातवाला पाठवायचं, या कोड्यात ती रात्रंदिवस पडून राहायची. आणि पडल्या पडल्या पोराच्या तोंडात बाटली द्यायची.

आगबोट यायच्या आधी बाउरोचा ओठ सुजला. हिरडीवर एक पुटकुळी आली, अंगात ताप भरला. मासा खाईना, भात खाईना. बाटली तेवढी घ्यायचा आणि घेताना रडायचा. बेइया तेबोराकडे बघायचा, काही बोलायचा नाही. त्याचं न बोलणं तिला शिव्यांपेक्षा लागत होतं.

त्या खेपेच्या आगबोटीतून शाळेतल्या मुलांचे दात तपासायला मोठ्या बेटावरून एक मुलगी आली होती. एरिताबेता तिचं नाव. ओरेतानं तिला शाळेतून उठवलं आणि जवळपास ओढतच तेबोराच्या घरी आणलं. "आत्या, तू मला शिव्या घाल," ती लांबूनच ओरडली, "पण हिला पोराचं तोंड बघू दे."

एरिताबेता गडबडीत चपला घालूनच चटईवर चढली, मग ओशाळून खाली उतरली, चपला काढल्या, पुन्हा चढली. तिच्याकडे बघून हिला काही येत असेल असं कुणालाच वाटलं नसतं. तिनं बाउरोला तेबोराच्या मांडीवर आडवं करायला लावलं, त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि ओठ उचलला.

"याला कोण पाजतं?" तिनं विचारलं.

बेइयानं थडग्याकडे बोट केलं. "त्याची आई," तो म्हणाला. "ती तिथं आहे."

पोरगी हसली नाही, यात तिचं सगळं शिक्षण आलं. तिनं त्या पांढऱ्या प्रवाळाकडे बघितलं, मग बेइयाकडे बघितलं.

"येत असेल तर येऊ दे, आजोबा," ती म्हणाली. "पण आईच्या दुधानं एवढं होत नाही. ओरेताबाई, तुमच्या लेकीला आणा बरं इकडे. ती अजून पिते ना?"

ओरेताच्या पोरीनं आ केला. वरचे, खालचे, सगळे पांढरे.

"पाजून झालं की दात ओल्या फडक्यानं पुसता?"

"पुसते. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं तसं."

एरिताबेता इकडंतिकडं बघायला लागली. मच्छरदाणीच्या कडेला बाटली पडली होती. तिनं ती उचलली, निपल काढून वास घेतला. "काकवी?"

"माझ्या हातची आहे," तेबोरा म्हणाली. "या बेटावर तशी दुसरी मिळायची नाही."

"कधी देता?"

"भूक लागली की. झोपताना. झोपेत उठला की."

एरिताबेतानं बाटली हातात धरली होती. तेवढ्यात बाउरोनं मान वळवली, त्याला बाटली दिसली, आणि सुजलेल्या तोंडानं, दोन्ही हात पुढं करून तो रडायला लागला.

"मम्मा! मम्मा!"

ते घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. ओरेतानं तोंडावर हात ठेवला. बाटली एरिताबेताच्या उजव्या हातातून डाव्या हातात गेली, तसे पोराचे हात तिच्या मागं गेले. "मम्मा!"

"हे त्याला कुणी शिकवलं?" तेबोरा म्हणाली. तिनं ते कुणाला विचारलं हे तिलाही माहीत नव्हतं. विचारता विचारताच तिला उत्तर आठवलं. बाहेर मयताला लोक बसले होते आणि ती चुलीपाशी बसून म्हणत होती, घे, मम्मा.

"पण वरचेच का?" बेइयानं विचारलं. त्याला अजून सुटायला एखादी वाट हवी होती. "खालचे कसे राहिले?"

"चोखताना जीभ खालच्या दातांवर येते, आजोबा, ते झाकले जातात. वरचे उघडे राहतात. झोपेत लाळ आटते, गोड धुवून जात नाही. रात्रभर तिथंच बसतं." ती तेबोराकडे वळली. "काकवीचा दोष नाही, आजी. चांगलीच आहे. भातावर घालून खा, मलाही द्या. पण हे चार दात आता राहणार नाहीत. खाली पू झालाय. आजच काढायला हवेत, उद्या आगबोट जाते."

तेबोरा त्यातलं काहीच ऐकत नव्हती.

"म्हणजे ती येत नाही?" तिनं विचारलं.

एरिताबेतानं मान खाली घातली. "ते मला नाही कळत, आजी," ती म्हणाली. "मी फक्त दात बघते."

दात काढायची वेळ आली तेव्हा बेइया माडावर चढून बसला. त्या दिवशी त्यानं गाणं म्हटलं नाही. पोराचं डोकं तेबोरानंच धरलं. सुई टोचली तेव्हा ते किंचाळलं, मग घामानं भिजून तिच्या हातांत थरथरत राहिलं, आणि एकेक दात कापसावर येऊन पडला. मेलेलीनं काही केलं नव्हतं. जे केलं ते जितीनं केलं होतं, आणि रोज सकाळी ओठ उचलून कौतुकानं बघितलंही होतं. तेबोरानं डोकं सोडलं नाही.

---

गुरुजींना आता काम उरलं नाही. बाउरोला दुसऱ्या बेटावर धाडायची गरजही उरली नाही. गावानं सुटकेचा श्वास सोडला. कोडं सुटलं होतं आणि तेबोराच्या हातातून मुलगीही सुटली होती, पण ते गावाला कसं दिसणार?

सूज उतरली. ताप गेला. बाटली तेबोरानं फोडून टाकली. दुपारी ती बाउरोला मच्छरदाणीत घेऊन पडली, उशाला पाण्याचा पेला ठेवला. पोरानं पेला ढकलून दिला. मम्मा, मम्मा करत रडलं, लाथा झाडल्या, आजीच्या तोंडावर हात मारले. तेबोरानं सगळं सोसलं आणि शेवटी न सोसून पाठ फिरवली.

मागं रडणं हळूहळू कमी झालं. हुंदके राहिले. मग तेही थांबले.

मग चुपचुप आवाज सुरू झाला.

घरात आता बाटली नव्हती. तरी मागं कुणीतरी चोखत होतं, आणि थोड्या वेळानं ते गुणगुणणं आलं. तसंच, नाकातल्या नाकात. तेलाचा वासही आला.

आली, ती मनात म्हणाली. त्या शिकलेल्या पोरीला काय ठाऊक! बाटली गेली तरी आली.

ती निश्चल पडून राहिली. बाहेर ऊन रणरणत होतं, गावात चिटपाखरू नव्हतं. न बघता असंच पडून राहिलं तर हे सगळं उद्याही येईल, परवाही येईल, ती मरेपर्यंत येत राहील. त्यासाठी तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त वळायचं नव्हतं. पण मागं जे पोर होतं त्याच्या हिरड्यांना अजून खपल्या होत्या. न बघण्यानं काय होतं हे तिनं परवाच दोन्ही हातांत धरून बघितलं होतं. पुन्हा तिच्याच्यानं न बघता राहवेना.

तेबोरा वळली.

बाउरो झोपला होता. उशाच्या गाठोड्यातून कातेयाच्या पोलक्याची कड बाहेर आली होती, ती त्यानं तोंडात घेतली होती आणि तो ती चोखत होता. तेलाचा वास त्या पोलक्याचा होता. आणि गुणगुणत होता तो स्वतःच, बंद डोळ्यांनी, नाकातल्या नाकात. आई पाजताना जे करायची ते तो इतके दिवस एकटाच करत होता. पलीकडची जागा रिकामी होती. चटईवर सुरकुतीसुद्धा नव्हती.

तेबोरा उठून बसली. मयताच्या दिवशी तिला रडायला सवड मिळाली नव्हती. पोर भुकेलं होतं, बाटली उकळायची होती, काकवी विरघळवायची होती. त्यानंतर मुलगी येत होती, मग रडायचं कशाला? आता तिच्या पोटातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाही ओळखू आला नाही. बाउरो दचकून उठला. शेजारपाजारची घरं जागी झाली. भर दुपारी बाहेर पडायचं नाही हे विसरून माणसं उन्हातून धावत आली. पोर गेलं, असंच सगळ्यांना वाटलं.

ओरेता सगळ्यांच्या पुढं होती. "आत्या! बाउरोला काय झालं?"

"बाउरोला काही नाही झालं," तेबोरा म्हणाली. "कातेया मेली. माझी कातेया मेली गं, ओरेता."

त्याला कित्येक महिने होऊन गेले, असं ओरेता म्हणाली नाही. तिनं रडणाऱ्या बाउरोला उचलून छातीशी घेतलं, अंबाडा सोडून केस मोकळे केले आणि आत्याच्या शेजारी बसून मोठ्यानं रडायला लागली. मग विहिरीवरची ती म्हातारी आली आणि पलीकडच्या रिकाम्या जागेत बसली. मागून एकेक बाई येत गेली. बेइया दाराशी आला आणि खांबाला धरून खाली बसला. ताजं मयत असतं तसं सगळं गाव त्या घराभोवती जमलं, आणि त्या संध्याकाळी आमच्या गावची एकही होडी समुद्रात गेली नाही.